रापणीचा वाटा

मुलांनो, तुमच्यापैकी ज्यांची घरे समुद्राकाठी आहेत, त्यांना समुद्राचे फारसे नवल वाटत नसेल. माझे तसे नव्हते. माझे वडील मूळचे मालवणचे. परंतु शिक्षकाच्या नोकरीमुळे ते सांगली जिल्ह्यातील आटपाडीस जाऊन राहिले, आणि माझे सारे बालपण त्या माणदेशी मुलखात, पाण्याची वाट पाहण्यात गेले. १९७२ साली मी सातव्या इयत्तेत शिकत होतो. त्या वर्षी महाराष्ट्रात भयंकर दुष्काळ पडला. आमच्या आळीतील विहिरीचा तळ दिवाळीपूर्वीच दिसू लागला होता. घागरभर पाण्यासाठी आई पहाटे उठून रांगेत उभी राही, आणि शेते ओसाड पडल्यामुळे आमच्या वर्गातील कित्येक मुलांचे आईबाप खडी फोडण्याच्या कामावर जात.

अशा दिवसांत, दिवाळीच्या सुट्टीत, आईने मला आजोळी मालवणला धाडले. फोंडा घाट उतरून एस. टी. मालवणला पोहोचली, मामांनी माझा हात धरून मला दांडीच्या किनाऱ्यावर आणले, आणि मी जागच्या जागी थबकलो. जिकडे पाहावे तिकडे पाणी! मी धावत जाऊन ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि तत्क्षणी थुंकून टाकले. मामा पोट धरून हसले. पुढे आठवडाभर, मी दिसलो की शेजारपाजारची मंडळी विचारीत, "काय रे, दर्याचा पाणी गोड लागला की नाय?"

दांडीच्या किनाऱ्यासमोर, जेमतेम अर्ध्या मैलावर, कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याचा पाया घातला आणि पुढे तीन वर्षे त्याचे बांधकाम चालले होते. पायाभरणीपूर्वी महाराजांनी जेथे पूजा केली असे सांगतात, तो मोरयाचा धोंडा ह्याच किनाऱ्यावर आहे. त्या खडकावर गणपतीची मूर्ती आणि सूर्यचंद्र कोरलेले आहेत. इतिहासाच्या पुस्तकातील चित्र एकाएकी खरे होऊन समोर उभे राहावे, तसे मला वाटले. मामांना मात्र त्या इतिहासापेक्षा किल्ल्याच्या आडोशाने पाणी कसे फिरते, ह्याचेच ज्ञान अधिक होते.

माझे मामा गाबीत. मालवणच्या किनाऱ्यावर ह्या समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीवर जगत आल्या आहेत. मामांची स्वतःची होडी नव्हती. गावच्या रापणीत त्यांचा एक वाटा होता, आणि रापण नसेल त्या दिवशी ते खडपावर बसून गरीने मासे धरीत. खडप म्हणजे समुद्रात शिरलेला खडकाळ भाग, आणि गरी म्हणजे मासे धरण्याचा गळ. रापण काय असते ते पुढे सांगतो.

माझ्या सुट्टीचा अखेरचा शनिवार उजाडला. सोमवारी सकाळच्या गाडीने मला परत निघायचे होते. म्हणून मामांनी त्या दिवशी मला खडपावर नेण्याचे कबूल केले. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी भिंतीवरच्या पंचांगाकडे बोट करून विचारले, "आज तिथ खयची, सांग बघया."

"कार्तिक शुद्ध त्रयोदशी," मी वाचून सांगितले.

"तेराचे पाऊणपट किती?"

मी मनात हिशोब केला. तेराची पाऊणकी पावणेदहा. "पावणेदहा," मी म्हणालो.

"मग रात्री पावणेदहाच्या सुमारास भरती पुरी होणार. आणि त्याच्या सहा तास अगोदर?"

"पावणेचार."

"तेव्हा सुकती पुरी. पावणेचारला आपण खडपावर असले पाहिजे."

मी चकित झालो. पंचांग हे मुहूर्त पाहण्यासाठी असते, एवढेच मला ठाऊक होते. मामांनी त्यातून समुद्राचे घड्याळ काढले होते! ह्या हिशोबातील मर्म मला पुढे कॉलेजात गेल्यावर उमगले. भरती-ओहोटी मुख्यत्वे चंद्राच्या ओढीने होते. चंद्र दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे भरतीही दररोज तितकीच मागे पडत जाते. पौर्णिमेला आणि अमावास्येला मध्यान्ह आणि मध्यरात्र ह्यांच्या आसपास भरती पूर्ण होते. तेथून दर तिथीला पाऊण तास पुढे मोजीत जावे, म्हणजे त्या दिवसाची भरती हाती येते. पौर्णिमा उलटली की मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. हा हिशोब ढोबळ आहे, आणि किनाऱ्या-किनाऱ्याप्रमाणे त्यात थोडाफार फरक पडतो. परंतु ज्यांच्यापाशी घड्याळ नव्हते, अशा माणसांनी आकाशाकडे पाहून तो बसविला, हे ध्यानात घ्या. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती सर्वांत मोठी असते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ती लहान होते, तिला भांग म्हणतात. त्रिपुरी पौर्णिमा दोनच दिवसांवर आली होती. म्हणजे समुद्र उधाणाला चढू लागला होता. मामांनी हे मला सांगितले होते. मीच ते नीट ऐकले नाही.

आमचे सामान अगदी बेताचे होते. एका लाकडी फळीवर गुंडाळलेले तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी. तिच्या टोकाला गरी. गरीच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा तुकडा. आमिषासाठी कोळंबी, आणि मासे ठेवायला एक टोपली. काठी नाही, चक्र नाही. शिशाचे वजन हाताने गरगर फिरवून दोरी लांब फेकायची आणि मग ती तर्जनीवरून घेऊन स्वस्थ बसायचे.

तुम्ही म्हणाल, ह्यात कौशल्य ते काय? मलाही तसेच वाटले होते. पण लाटेने दोरी ओढली गेली की एक प्रकारची ओढ लागते, शिसे खडकाच्या फटीत अडकले की दुसऱ्या प्रकारची, आणि मासा आमिष कुरतडू लागला की बोटाला नुसती टिचकी मारल्यासारखे वाटते. हा फरक बोटाने ओळखायचा असतो. पहिला तासभर मला लाट आणि मासा ह्यांत काही भेद कळेना. तीन वेळा कोळंबी गेली आणि गरी कोरडी वर आली. मामांनी तोवर दोन पालू आणि एक तांबोशी टोपलीत टाकली होती. शिवाय एक शिंगाळाही त्यांच्या गरीला लागला. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंच्या परांशी करवतीसारखे काटे असतात, आणि ते लागले तर हात विलक्षण ठणकतो. मामांनी त्याला पायाखाली दाबून मगच गरी काढली, आणि मला दूर उभे राहायला सांगितले.

पाणी आता चढू लागले होते. भरती येताना मासे खडपाशी का येतात, हे मी मामांना विचारले. त्यांनी खडकावरील कालवे, इवलेसे खेकडे, फटींतून लपलेले किडे दाखविले. ओहोटीत हे सारे उघडे पडते. पाणी वर चढले की ते पुन्हा बुडते, आणि चरण्यासाठी मासे पाण्याबरोबर आत शिरतात. जसजसे पाणी खडकावर चढत जाई, तसतसे आम्ही मागे सरकत होतो. दर वेळी मागे सरकताना मामा बजावीत, "दर्याक पाठ करू नको, झिला."

सूर्य किल्ल्याच्या तटामागे उतरला तेव्हा माझ्या बोटाला ती टिचकी जाणवली. ह्या वेळी काही शंका नव्हती. मी दोरी झटकली आणि पलीकडून असा हिसका आला की तंगूस माझ्या बोटात रुतले. मासा खडकाच्या कडेपर्यंत आला. तो तांबूस होता, माझ्या हाताएवढा लांब. तेथे दोरी एका कपारीत अडकली. आटपाडीस परतल्यावर मित्रांना काय काय सांगायचे, ते मी त्या क्षणी मनात रचूनही टाकले होते. मामा आमिष लावण्यात गुंतले होते. मी त्यांना न विचारता खालच्या खडकावर उतरलो आणि वाकून दोरी सोडवू लागलो. समुद्र माझ्या पाठीशी होता.

मागून लाट आली ती मला दिसलीच नाही. पाय निसटले, नाकातोंडात खारे पाणी गेले आणि मी खडकावरून घसरत चाललो. मी उतरलो तेव्हा जो चर गुडघाभर होता, त्यातून आता पाणी घोंगावत परत चालले होते. तेवढ्यात कोणीतरी माझा दंड धरला. मामा पालथे पडून, एका हाताने खडकाचा कंगोरा धरून, दुसऱ्या हाताने मला खेचीत होते. दुसरी लाट आम्हा दोघांवरून गेली. ती ओसरताच त्यांनी मला वर ओढले.

वर आल्यावर पाहिले, तर टोपली नव्हती, तंगूस नव्हते, आणि मामांच्या उजव्या हातातून रक्त वाहत होते. ज्या कंगोऱ्याला त्यांनी धरले होते, त्यावर कालवे चिकटलेली होती. कालवाची कड सुरीसारखी असते. त्यांचा तळवा अंगठ्यापासून करंगळीपर्यंत चिरला होता.

मी रडू लागलो. मासे गेले, टोपली गेली, असे काहीबाही बोललो. मामांनी डोक्याचा पंचा सोडून हाताला गुंडाळला आणि एवढेच म्हटले, "मासो परत गावतलो. माणूस गावचो नाय." त्या दिवशी ते मला रागावले असते तर बरे झाले असते, असे आजही मला वाटते.

घरी मामींनी जखम धुतली, हळद दाबली आणि फडके बांधले. कोणी मला काही बोलले नाही. परंतु जेवताना मामी हळूच मामांना म्हणाल्या, "उद्या रापण आहे ना?" मामा काही बोलले नाहीत. मला घास गिळवेना. चिरलेल्या तळव्याने रापणीचा दोर कसा ओढणार? आणि दोर ओढला नाही तर वाटा कसा मिळणार?

आता रापण म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. ही एका माणसाची मासेमारी नव्हे. तिला अख्खी वाडी लागते. शेकडो हात लांबीचे एक मोठे जाळे असते. त्याच्या वरच्या काठाला तरंगणारी बोंडे आणि खालच्या काठाला वजने बांधलेली असतात, त्यामुळे ते पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. दोराचे एक टोक किनाऱ्यावरील माणसांच्या हाती देऊन होडी समुद्रात शिरते, अर्धवर्तुळ काढीत जाळे सोडीत जाते, आणि दुसरे टोक घेऊन काही अंतरावर परत किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या ओळी लागतात आणि दोर ओढू लागतात. ओढता ओढता दोन्ही ओळी एकमेकींच्या जवळ सरकतात. अर्धवर्तुळ आवळत जाते. एक बाजू पुढे गेली आणि दुसरी मागे राहिली, तर जाळे वाकडे होऊन मासे निसटतात. म्हणून सर्वांनी तांडेलाच्या आरोळीबरोबर पाऊल टाकायचे असते. तांडेल म्हणजे ह्या साऱ्यांचा म्होरक्या.

रविवारी उजाडण्यापूर्वी मी मामांच्या मागोमाग किनाऱ्यावर गेलो. त्यांनी येऊ नको म्हटले नाही. तांडेल पांढऱ्या मिशांचे, वाकलेले गृहस्थ होते. त्यांनी मामांच्या हाताचे फडके पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि काय घडले असेल ते बहुधा ओळखले. मी पुढे होऊन म्हणालो, "आजोबा, मामांच्या जागी मी ओढतो."

आजूबाजूचे काही जण हसले. तांडेल हसले नाहीत. "मामाचो नाय तर भाच्याचो," ते म्हणाले. "हात तो हात." आणि त्यांनी मला ओळीच्या शेवटाला उभे केले.

काथ्याचा तो ओला दोर मनगटाएवढा जाड होता. पहिल्या घटकेत माझे तळवे लाल झाले, दुसऱ्या घटकेत फोड आले. वाळूत पाय रोवून, पाठ मागे टाकून, एकेक पाऊल मागे यायचे. ओळीच्या टोकाला पोहोचले की दोर सोडून पुन्हा पाण्याजवळ जाऊन धरायचा. असे किती वेळा केले कोण जाणे! माझ्या पुढे एक सत्तरीचे आजोबा होते. ते मधूनमधून मागे वळून पाहत आणि काही न बोलता पुन्हा ओढू लागत. मामा डाव्या हाताने भिजलेल्या दोराचे वेटोळे घालीत होते. सूर्य वर आला. आकाशात घारी घिरट्या घालू लागल्या. मासे जवळ आल्याचे माणसांच्या आधी त्यांनाच कळते.

अखेर दोन्ही ओळी एकमेकींना येऊन भिडल्या आणि जाळ्याचा पिशवीसारखा मधला भाग उथळ पाण्यात आला. तेथील पाणी उकळत असल्यासारखे दिसत होते! चांदीच्या नाण्यांची रास कोणी हलवावी, तसे पेडवे आणि तारल्या चमकत होत्या. त्यांत बांगडे होते, वाळूच्या रंगाचे मुडदुसे होते, नांग्या उगारलेले खेकडे होते, आणि काही थुलथुलीत पारदर्शक गोळेही होते. एक कासवही जाळ्यात आले होते. दोघांनी ते उचलून पाण्यात नेऊन सोडले. तांडेलांनी त्याच्या दिशेने हात जोडले आणि मग लगेच मासे उपसण्याबद्दल ओरडाआरडा सुरू केली.

मासे विकत घेण्यासाठी बायका टोपल्या घेऊन उभ्याच होत्या. बहुतेक मासळी जागच्या जागी विकली गेली. उरलेल्यांचे वाळूवर वाटे मांडले गेले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, आणि मग माणसांचे. मी श्वास रोखून पाहत होतो. तांडेलांनी मामांच्या नावाने वाटा मांडला, तो पुरा मांडला. त्यात काही कमी केले नाही. नंतर त्यांनी त्याच्या शेजारी एक लहान वाटा ठेवला आणि माझ्याकडे बोट केले. अगदी शेवटी एक वाटा राहिला. एक म्हातारी आजी काठी टेकीत आली, पदरात तो घेतला आणि निघून गेली. तिने दोराला हात लावलेला नव्हता. मी मामांकडे पाहिले. "तिचो घोव आमच्या रापणीत होतो," मामा म्हणाले. "दर्यान नेलो." घोव म्हणजे नवरा. किती वर्षे झाली, असे मी विचारले. मामांनी बोटे मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली.

माझ्या वाट्याला सव्वीस बांगडे आले होते. मामींनी ते चिरून, मीठ लावून, दिवसभर उन्हात ठेवले. अर्धवट वाळलेले ते बांगडे कागदात आणि फडक्यात गुंडाळून सोमवारी मी गाडीत बसलो. वाटेत शेजारच्या प्रवाशांनी नाके मुरडली, तिकडे मी लक्ष दिले नाही. आटपाडीस आईने पुडके उघडले, त्यांतील सहा बांगडे आमच्यासाठी ठेवले आणि बाकीचे मासे खाणाऱ्या शेजाऱ्यांकडे मोजून पाठविले. खडी फोडण्यास जाणाऱ्या एका घरी तिने चार दिले. कोणाला किती द्यायचे हे तिने मला विचारले नाही. तीही मालवणचीच होती.

ह्याला पन्नासाहून अधिक वर्षे झाली. दरम्यान समुद्रावर पुष्कळ बदल झाले. यंत्राच्या मोठ्या नौका आल्या. त्यांची जाळी समुद्राचा तळ खरवडून लहानमोठे सारेच मासे ओढून नेऊ लागली. किनाऱ्यालगत मासळी कमी होऊ लागली, तेव्हा रापणकारांनी तक्रारी केल्या. १९८१ साली महाराष्ट्रात सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला आणि किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर निर्बंध आले. पुढे रात्री प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्याची पद्धत निघाली. २०१७ साली केंद्र सरकारने तिच्यावर बंदी घातली. कायदा कागदावर असणे आणि तो रात्रीच्या काळोखात समुद्रावर पाळला जाणे ह्यांत अंतर असते. मालवणचे मच्छीमार हे अंतर रोज मोजतात.

मामा आता नाहीत. गेल्या कार्तिकात मी माझ्या नातवाला घेऊन दांडीवर गेलो. तो अकरा वर्षांचा आहे. निघण्यापूर्वी मी त्याला तिथीचे पाऊणपट करायला लावले. त्याने ते माझ्याहून लवकर केले. किनाऱ्यावर रापण लागली होती. दोर आता नायलॉनचे आहेत, आणि ओढणाऱ्यांत तरुण थोडे होते. सुट्टीसाठी आलेले काही पाहुणे छायाचित्रे घेत होते. नातवाने माझ्याकडे पाहिले. मी मान हलविली. तो धावत जाऊन ओळीच्या शेवटाला उभा राहिला, आणि क्षणभराने मीही चपला काढून त्याच्या पुढे जाऊन दोर धरला.

त्या दिवशी जाळ्यात फार काही आले नाही. दोन टोपल्या पेडवे आणि थोडे बांगडे. तरीही वाळूवर वाटे मांडले गेले. नातू वाकून एकेक वाटा मोजीत होता. शेवटी एक वाटा उरला, तेव्हा तो माझी बाही ओढून विचारू लागला, "आजोबा, हा कुणाचा?"

मी किनाऱ्याच्या वाटेकडे पाहिले. काठी टेकीत कोणीतरी येत होते.